पंचगंगेची पातळी आणि आमची चौथी : प्रकल्प नोंदी

२१ जून, शनिवार

यंदा चौथीच्या वर्गाचा पावसाळी प्रकल्प पक्का झाला: पंचगंगेची पातळी. ‘आनंददायी शनिवार’चे, म्हणजे शनिवारच्या उपक्रमांचे तास यासाठी ठेवायचे आणि रोजच्या परिपाठात दिनविशेषानंतर एका मुलानं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेली पाण्याची पातळी वाचायची.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमची शाळा कोल्हापुरात, नदीच्या अंगाच्या पेठांमधली. जूनचा तिसरा आठवडा उजाडला की इथल्या घरोघरी सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, आज पाणी किती? मुलं तो आकडा कानावर घेऊनच शाळेत येतात. मोजमापाचा धडा पुस्तकात पुढं कधीतरी येणार, तोही दोरीची लांबी आणि कापडाच्या तुकड्यांच्या उदाहरणांतून. घरातल्या मोठ्या माणसांना रात्रभर जागं ठेवणारा आकडा हातात असताना आधी तोच घ्यावा, असं ठरवलं.

वर्गाचे पाच गट केले आणि ज्या पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते त्यांची नावं दिली: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. चिठ्ठ्या टाकल्या. सरस्वती गट लगेच नाराज. त्यातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, आमची नदी दिसतच न्हाई. गुप्त हाय म्हणत्यात. मग आम्ही करायचं काय?” मी म्हटलं, तुमच्याकडं आभाळातलं पाणी. पाऊस मोजायचं काम सरस्वतीचं. एवढं ऐकून गट एकदम खूश झाला.

एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांकडून वहीत उतरवून घेतला: आकडा बघायला कुणीही नदीवर जायचं नाही. घाटावर नाही, पुलावर नाही, मोठ्या भावाच्या गाडीवरून पण नाही. आकडा पेपरातून, प्रशासनाच्या निवेदनातून किंवा घरच्या मोठ्यांच्या मोबाईलवरून घ्यायचा.

२६ जून, गुरुवार

शाहू जयंती. सकाळी प्रभातफेरी, दसरा चौकातल्या पुतळ्याला हार. परत आल्यावर मुलं दमली होती, म्हणून भाषणं न घेता गोष्टच सांगितली. १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड.

“एकच रुपाया?” असं म्हणून मागचे बाक हसले. त्या काळी रुपयाला किती किंमत होती, मजुराला दिवसाला काय मिळायचं, हे घरी आज्जी-आजोबांना विचारून यायला सांगितलं. तेवढ्यात कुंभीतला एकजण हळूच शेजारच्याला म्हणाला, “माझ्या आईला लई दंड बसला असता.” गेल्या वर्षी तो धाकट्या बहिणीला सांभाळायला बऱ्याचदा घरी राहायचा. मी ऐकलं, पण वर्गात त्यावर काही बोलले नाही. यंदा त्याला कुंभी गटाचा नोंदप्रमुख केलाय. रोजचा आकडा त्याच्या वहीत. तेव्हापासून अजून गैरहजेरी नाही.

राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, हेही आजच सांगून टाकलं. ते धरण भोगावतीवर आहे म्हटल्यावर भोगावती गटाची मान ताठ झाली.

२८ जून, शनिवार

पर्जन्यमापक. पाण्याची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून खाली बारीक खडे आणि थोडं पाणी घालून पातळी सारखी केली आणि तिथं शून्याची रेघ मारली. रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. गच्चीवर भिंतीपासून आणि झाडापासून लांब, चार विटांच्या मधे बाटली उभी केली. शाळा भरल्यावर वाचन घ्यायचं, पाणी रेघेपर्यंत ओतून टाकायचं. रविवारचं वाचन शाळेच्या मावशींनी आपणहून अंगावर घेतलं.

खरी मजा त्याआधीच्या भांडणात आली. तुळशी गटाचं म्हणणं, बाटली लहान आहे, म्हणून पाऊस कमी भरणार. मोठी बादली ठेवली तर जास्त भरेल. पाऊस मोजायचा तर मोठ्या भांड्यानंच मोजावा, एवढं सरळ. वाद घालण्यापेक्षा करून बघू म्हटलं. पोषण आहाराच्या खोलीतून दोन स्टीलचे डबे आणले, दोन्ही सरळ भिंतीचे: एक मोठा पिठाचा, एक लहान. दोन्ही शेजारी शेजारी उघड्यावर ठेवले. दोन तासांत चांगली सर येऊन गेली. मग पट्टी बुडवून उंची बघितली. मोठ्या डब्यात १४ मिमी, लहान डब्यात १४ मिमी.

मुलांनी तीनदा पट्टी बुडवली. पट्टी चुकीची म्हणून दुसरी घेतली. मग तुळशीतल्याच मुलीनं दोन्ही डब्यांतलं पाणी ग्लासानं मोजून काढलं आणि सांगितलं, “पाणी मोठ्यात जास्त हाय, पण उंची तेवढीच हाय. तोंड मोठं म्हणून पाणी जास्त आलं, आणि ते पसरलं पण जास्त.” यावर मला एक शब्द जोडावा लागला नाही.

१ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे फळ्यावर मांडलं. आमचा वर्ग साधारण ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद. म्हणजे ३० चौरस मीटर. १० मिमी पाऊस झाला तर एवढ्याच जागेवर ३०० लिटर. “बाई, आपल्या टाकीपेक्षा जास्त की!” एवढा मोठा गुणाकार आजवर कुणी हौसेनं केला नव्हता.

५ जुलै, शनिवार

पेपरवाचन. घरून कात्रणं आणायला सांगितलं होतं. ढीगभर आली, काही कांदाभज्यांच्या तेलाची, तरी चालली.

या वर्गात अस्खलित न वाचणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी पातळी ठरवून, सोपे उतारे देऊन काम चालू आहेच. पण आज जे झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. कासारीतला एक मुलगा पुस्तकातला उतारा दिला की पहिल्या ओळीवर बोट ठेवून गप्प बसतो. त्याच्या घरी म्हशी आहेत, गोठा नदीच्या बाजूला. त्याला कात्रण दिलं. मथळ्यात ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ होतं. ते त्यानं वाचलं. पुढं ‘पाणलोट क्षेत्रात’ आलं. ‘पाण-लोट’ झालं, ‘क्षे’वर अडला. शेजारचा सांगायला गेला, तर यानं त्याला कोपरानं ढकललं. “थांब की, मी वाचतो.” क्... ष... क्षे... क्षेत्रात. मग ‘विसर्ग’, ‘स्थलांतर’, ‘सतर्कतेचा’. ‘सतर्कतेचा’ला बराच वेळ गेला, पण सोडलं नाही. सगळं वाचून झाल्यावर मला विचारलं, “मग म्हसरं कधी हलवायची?”

त्या बातमीत त्याचं उत्तर नव्हतं. ते घरी वडिलांना विचार आणि सोमवारी वर्गाला सांग, म्हटलं. जोडाक्षरांचा तक्ता मी त्याला वर्षभर दाखवतेय. पण अक्षरापलीकडं स्वतःला हवी असलेली गोष्ट असल्याशिवाय मूल त्या अक्षराशी झटत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या वाचनासाठी कात्रणंच.

कात्रणांतून दोन आकडे सगळ्यांनी शोधले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.

१२ जुलै, शनिवार

आजचा तास या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत येते. फळ्यावर उदाहरण मांडलं: काल पाणी ३१ फूट ९ इंच होतं. रात्रीत ५ इंच वाढलं. आज किती?

दोन उत्तरं आली. भोगावतीनं लिहिलं ३१ फूट १४ इंच. कुंभी आणि कासारीनं ३२ फूट ४ इंच. तुळशी गटात फूट पडली. सरस्वतीनं उत्तरच दिलं नाही; “आमचं चाललंय” म्हणून बसले.

बहुमत ३२ फूट ४ इंचाला. त्यांचं कारण पक्कं होतं: नऊ आणि पाच चौदा, चौदाचे चार, हातचा एक, एकतीस आणि एक बत्तीस. पहिलीपासून शिकवल्याप्रमाणं अगदी बरोबर पायऱ्या. कुंभीच्या नोंदप्रमुखानं फळ्यावर येऊन हातचा वर लिहून दाखवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, कारण मांडणी स्वच्छ होती. मग विचारलं, भोगावतीचं काय चुकलं?

“बाई, १४ इंच असं कोण लिहितंय? हातचा न्यायला पायजे.”

“का न्यायचा?”

वर्ग शांत. हातचा का न्यायचा, हा प्रश्नच कुणाला कधी पडला नव्हता. दहा झाले की नेतात, म्हणून न्यायचा.

दप्तरातली फूटपट्टी बाहेर काढायला लावली. चौथीच्या मुलाच्या दप्तरात ती रोज असते, पण सगळ्यांनी तिची सेंटिमीटरची बाजूच वापरलेली. आता दुसरी बाजू बघा. शेवटचा आकडा काय? बारा. एका फुटात किती इंच? बारा. मग भिंतीवर खडूनं उभी रेघ मारली, खालच्या खुणेला ‘३१ फूट’ नाव दिलं आणि एकाला पट्टी लावून ९ इंचांवर खूण करायला सांगितलं. “आता पाच इंच वर चढ.” पोरगा मोठ्यानं मोजत गेला: दहा, अकरा, बारा... आणि पट्टी संपली. तिथं थांबून मागं वळून बघितलं. “बाई, फूट भरला.” त्या जागी ‘३२ फूट’ लिहिलं. दुसरी पट्टी वर धरून पुढं मोजलं: एक, दोन. संपले पाच.

३२ फूट २ इंच.

कुंभी गट मानायला तयार नाही. त्यांनी स्वतः जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा दोनच. नोंदप्रमुख फळ्यावरच्या आपल्या चौदाकडं बघत उभा राहिला, मग भोगावतीच्या वहीकडं. म्हणाला, “चौदा इंच बरोबरच हायत. त्यातलं बारा काढून फूट करायचा. दोन ऱ्हात्यात.” मग थोडा थांबून, “दहालाच हातचा न्यायचा असं कुठं हाय, भरलं की न्यायचा.”

‘भरलं की न्यायचा’ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. पुसायचं नाही म्हणून भोवती चौकट केली.

त्यानंतर वर्ग आपोआप पळत सुटला. केळ्याचा डझन, बारा भरले की एक. घड्याळात ६० मिनिटं भरली की तास. आठवड्याला सात. एका मुलीनं विचारलं, मग आपल्या साध्या बेरजेत दहालाच का? कारण तिथं एकेक घर दहानं भरतं, एवढं सांगितलं आणि काड्यांचे गठ्ठे पुन्हा काढले. दुसरीत वापरलेल्या काड्या चौथीत कशाला, असं वाटू शकतं, पण आज त्या हातात घेऊन मुलांनी स्वतःहून बारा-बाराचेही गठ्ठे बांधून बघितले.

हातच्याची बेरीज यांना येत होती. बरोबर उत्तरंही येत होती. हातचा म्हणजे काय, हे यांच्यातल्या बऱ्याच जणांना आज कळलं, आणि ते नदीच्या आकड्यामुळं कळलं. दशमान बेरजेत नियम पाठ असला की उत्तर बरोबर येतं, त्यामुळं समजलं की नाही ते झाकलेलंच राहतं. फूट-इंचांत ते लगेच उघडं पडतं. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझा आग्रह आहे: हातचा शिकवून झाल्यावर एकदा तरी डझन, इंच किंवा मिनिटांत बेरीज द्या.

शेवटी इशारा आणि धोका यांच्यातलं अंतर काढलं. ४३ वजा ३९, चार फूट. चार फूट म्हणजे केवढं? भिंतीवर खूण केली आणि एकेकाला उभं केलं. बहुतेकांचं डोकं खुणेच्या थोडं वर गेलं. “म्हंजे इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत एक आख्खा मी,” असं म्हणत प्रत्येकजण दोन-दोनदा उभा राहून गेला.

१९ जुलै, शनिवार

आषाढ चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्ली पी-ढबाकचा बाजा वाजतोय. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाई देवीला, नेतात. कालच्या शुक्रवारी वर्गातली निम्मी पोरं टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन आलेली, त्यामुळं आजचा विषय त्यांनीच आणला. नवं पाणी लाल का असतं?

एका पालकांनी बाटलीभर नदीचं पाणी आणून दिलं होतं. ते तीन काचेच्या बरण्यांत ओतलं. एक तशीच ठेवली, एकीत तुरटीचा खडा फिरवला, एक कापडातून गाळली. गाळलेल्यात फारसा फरक पडला नाही, याचं मुलांना नवल वाटलं. कापडाच्या भोकांपेक्षा मातीचे कण बारीक. तुरटीच्या बरणीत थोड्याच वेळात गढूळपणा गोळा होऊन खाली बसायला लागला. स्वच्छ दिसणारं पाणी पिण्यासारखं झालंच असं नाही, हेही बजावलं. तशीच ठेवलेली बरणी सोमवारपर्यंत हलवायची नाही.

मग ही माती आली कुठनं? कुणी शेतं म्हटलं, कुणी डोंगर. पन्हाळ्याला सहलीला गेलेल्यांना तिथला लालसर दगड आठवला. तो जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्याकडं पण तसाच दगड, तशीच लाल माती. पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ्या-ओघळांतून खाली येते.

(नंतरची भर) सोमवारी बघितलं तर बरणीत थर पडलेले. खाली रेती, वर बारीक गाळ, त्याच्यावर गढूळसर पाणी. मुलांनी चित्रं काढली.

२३ जुलै, बुधवार

शनिवार नसतानाही लिहितेय, कारण प्रश्न आज आला आणि तो थांबवता येण्यासारखा नव्हता. सरस्वतीनं परिपाठात सांगितलं, बाटलीत कालपासून पाऊस नाही, शून्य. लगेच कासारीनं सांगितलं, नदी वाढली. वर्गात गोंधळ. दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय, असं सगळ्यांचं मत.

गणिताचा तास बाजूला ठेवून व्हरांड्यात खडूनं नकाशा काढला. पश्चिमेला सह्याद्री, तिथून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती निघतात, प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून कोल्हापूर, पुढं नृसिंहवाडीला कृष्णा. गटांना आपापल्या नदीवर रांगेनं उभं केलं. वरचं टोक डोंगरात, खालचं प्रयागला. सरस्वती गट कोल्हापुरात, बादली घेऊन.

माझ्याकडं चिंचोक्यांची पिशवी. डोंगरातल्या मुलाच्या हातात चिंचोके टाकायचे, म्हणजे पाऊस. टाळी वाजली की प्रत्येकानं हातातले चिंचोके पुढच्याकडं द्यायचे, एका टाळीला एकच घर. तीन-चार टाळ्या पाऊस पाडला आणि पिशवी बंद केली. “पाऊस थांबला!” पण टाळ्या चालूच ठेवल्या. कोल्हापूरच्या बादलीत चिंचोके पडायला लागले ते पाऊस थांबल्यानंतर. चारी नद्यांचे एकदम.

सरस्वतीची पोरगी बादलीत बघून ओरडली, “बाई, हितं पाऊस न्हाई तरी पाणी यायलंय!”

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. आपल्या गच्चीवरची बाटली आपल्याच गच्चीचं सांगते, नदी मात्र गगनबावडा-राधानगरीचं सांगते. आता मुलं पेपरात गगनबावड्याचा पाऊस आधी शोधतात.

२६ जुलै, शनिवार

राधानगरीचे दरवाजे उघडल्याची चर्चा. हे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कुणी बटण दाबत नाही, यावर भोगावती गटाचा विश्वास बसेना.

एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पुठ्ठ्याचा एक फूट लांब-रुंद-उंच खोका करून आणलेला, तो टेबलावर ठेवला. असे १४२८ खोके एका सेकंदात. दोन दरवाजे, तीन दरवाजे, सात दरवाजे, असा पाढाच केला: २८५६, ४२८४... सातचं उत्तर ९९९६. “चारच कमी पडलं दहा हजाराला!” बेरजेनं ताळा करून बघितला आणि पुन्हा तेच आलं, तेव्हा समाधान झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

‘घरचा आकडा’. हे काम दोन आठवडे चालू होतं. प्रत्येकानं घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायचं: बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपल्या गल्लीत पाणी येतं?

सुरुवातीला एक गैरसमज काढावा लागला. तुळशीतली मुलगी घाबरून विचारत होती, ४३ फूट म्हणजे घरात ४३ फूट पाणी? उतरत्या फळीवर माचिसच्या काड्यापेट्यांची घरं मांडली, घमेल्यात फळी ठेवली, बाजूला पट्टी उभी केली आणि पाणी ओतत गेले. पट्टीवरचा आकडा एकच, पण प्रत्येक घराला पाणी लागतं ते वेगळ्या आकड्याला. वरच्या घराला लागतच नाही.

उत्तरं आली ती आकड्यांत कमी आणि खुणांत जास्त. जामदार क्लबला पाणी आलं की आमच्यात आवराआवर. कुंभार गल्लीत शिरलं की गणपतीच्या मूर्ती वर चढवायच्या. सुतारवाड्यातल्या मुलांना तर कधी निघायचं हे तोंडपाठ. एका आज्जींना वर्गात बोलावलं. त्यांनी फूट-इंच सांगितलेच नाहीत. घाटावरची कुठली देवळं बुडाली, पाणी कुठल्या पायरीला लागलं, भांडी माळ्यावर कधी टाकली, एवढंच सांगत गेल्या. आणि २०१९? “त्या साली खुणाच बुडाल्या,” म्हणाल्या. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. २०२१ ला परत तेवढंच, थोडं वरच. वर्गातल्या मुलांना २०२१ चं अंधुक आठवतं: कुणाला होडी, कुणाला मठात झोपलेलं, कुणाला भिजलेली गादी.

धोक्यापासून ५६ फुटांपर्यंत किती? तेरा फूट. टेपनं मैदानात आखून बघितलं. एकामागं एक तीन मुलं झोपवली तरी थोडी जागा उरली.

आज्जींची प्रत्येक खूण आणि मुलांनी आणलेले आकडे शेजारी शेजारी मांडून गल्लीवार तक्ता केला. हे ज्ञान पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांकडं आहे आणि कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून तक्ता पक्क्या शाईत लिहून घेतलाय.

२३ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यात पातळी इशाऱ्याच्या पुढं गेली. शाळेला मधे सुट्टी जाहीर झाली. आज वर्ग भरला तेव्हा हजेरी कमी. सुतारवाड्यातली मुलं निवाऱ्याच्या ठिकाणी किंवा पाहुण्यांकडं.

पण नोंदवहीत एकही दिवस कोरा नाही. सरस्वतीतली मुलगी मामाच्या घरी गेलेली. ती रोज सकाळी मामाच्या फोनवरून मला आकडा सांगायची: “बाई, मी आज पण लिहिलो. तीन इंच उतरलंय.” गणित तिचं तिनं केलेलं, बाराचा हातचा उलटा घेऊन. वजाबाकीत फूट मोडून बारा इंच करायचे, हे मी वर्गात अजून शिकवलेलंही नव्हतं.

कासारीतल्या म्हशीवाल्या घरच्या मुलानं पाच जुलैचा आपला प्रश्न स्वतःच सोडवला. त्याच्या वहीत वडिलांनी सांगितलेला आकडा चौकटीत होता. त्या आकड्याला दोन फूट कमी असतानाच त्यानं घरी आठवण केली. म्हशी आधीच वर नेलेल्या होत्या, पण वडिलांनी येऊन मला सांगितलं, “पोरगं पेपर मोठ्यानं वाचून दाखवतंय आता.”

१३ सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपती झाले, पाणी पात्रात गेलं. जूनपासूनचा आलेख भिंतीवर लागला: निळी रेघ नदीची, खाली सरस्वतीच्या पावसाचे उभे खांब. शहरातला खांब बुटका आणि नदीची रेघ उंच, अशा जागा मुलांनी लाल पेन्सिलीनं गोल केल्यात आणि शेजारी ‘गगनबावडा’ लिहिलंय.

आकारिक मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी घेतली नाही. प्रत्येकानं आपल्या वहीतला एक आठवडा निवडून वर्गाला समजावून सांगायचा. कासारीच्या मुलानं पान उघडून वाचून दाखवलं, दोनदा अडखळला, पूर्ण केलं. दोन मुलांचा बाराचा हातचा अजून पक्का नाही. त्यांच्यासाठी काड्या टेबलावरच ठेवल्यात.

बाटली, पट्टी आणि गल्लीवार तक्ता पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या चौथीसाठी कपाटात ठेवले. तिसरीच्या बाईंनी तक्त्याची प्रत मागितली आहे.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम. पुढचा प्रकल्प गुऱ्हाळाचा: मोळीचं वजन, काहिलीतला रस, त्यातून निघणारे गुळाचे रवे (ढेपा), म्हणजे किलो, क्विंटल आणि टन. ओळखीत कुणाचं गुऱ्हाळ असेल तर घरी विचारून ठेवा, म्हटलंय. भोगावतीतल्या एकाच्या मामाचं कागलच्या बाजूला आहे. मामा म्हणाले, पोरांना घेऊन या, फक्त चुलवाणापासून लांब बसवायची.